शनिवार, दुपारचे चार

गेल्या अंकात लेस्टरच्या दिवसांबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेले होते : शनिवारी दुपारी चार वाजता टीव्हीवर लागायची ती कुस्ती मी आता पन्नास वर्षांनी पुन्हा पाहते आहे, फोनवर. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या अख्ख्या लेखावर आली नाहीत. म्हणून लोणच्याचे आणि जुन्या फोटोंचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवते. या वेळी फक्त कुस्ती.

नव्या वाचकांना ओळख म्हणून सांगते. माझं माहेर बडोद्याचं, वाडीतलं. वडील रेल्वेत नोकरीला आणि पहाटे-संध्याकाळ तालमीत. १९७३ साली लग्न होऊन मी इंग्लंडला लेस्टरला गेले. आमचे हे तिथे होजिअरीच्या कारखान्यात होते. १९८४ साली आम्ही परत बडोद्याला आलो.

प्रश्न : ताई, तुमचा लेख वाचून मीही दोन-तीन जुन्या विलायती कुस्त्या पाहिल्या आणि नातवालाही दाखवल्या. तो म्हणतो, आजोबा, हे सगळं खोटं असतं, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. त्याला काय सांगू?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : त्याचं बरोबर आहे, हे त्याला आधी सांगा. निकाल ठरलेला असायचा. जॅकी पॅलो हा त्या काळातला गाजलेला मल्ल. त्याने १९८५ साली आपल्या पुस्तकात हे स्वतःच लिहून टाकलं, आणि धंद्यातल्या लोकांना ते फार लागलं.

आपल्याकडे अशा कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि तालमीत तो शब्द शिवीसारखाच वापरतात. मी त्या घरात वाढलेली. त्यामुळे लेस्टरला पहिल्यांदा टीव्हीवर ही कुस्ती पाहिली तेव्हा मलाही राग आला होता. मग १९७५ च्या हिवाळ्यात आमच्या घरमालकीणबाई मला डी मॉंटफर्ट हॉलमध्ये प्रत्यक्ष कुस्त्यांना घेऊन गेल्या. बाई सत्तरीच्या, खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, एरवी त्यांचा आवाज जिन्यापर्यंतही यायचा नाही. तिथे मात्र उभ्या राहून, छत्री उगारून ओरडत होत्या. आम्हाला चौथी रांग मिळाली होती. टीव्हीवर ऐकू येत नाही ते तिथे ऐकू आलं. रिंग म्हणजे लाकडी फळ्या, त्यावर पातळसं अंथरूण आणि वर ताणलेलं कॅनव्हास. शंभर किलोचा माणूस उचलून पाठीवर टाकला की फळ्यांचा दणका आपल्या खुर्चीच्या पायांतून अंगात यायचा. दोरांवर आदळून परत आलेल्या एकाच्या पाठीवर लाल वळ उठले होते, चौथ्या रांगेतून मोजता येतील असे.

ठरलेलं होतं ते एवढंच, की शेवटी कोणाचा हात वर होणार. पडणं, उचलणं, पाठीवर दुसऱ्याचं वजन घेऊन फिरणं, हे त्या दोघांना रोज रात्री वेगळ्या गावात खरंखुरंच करावं लागायचं.

नातवाला आणखी एक दाखवा. कोणतीही उचलून टाकायची फेक निवडा आणि फेकीच्या आधीच्या क्षणी व्हिडिओ थांबवा. टाकणारा अर्धा श्वास थांबलेला दिसेल. का थांबतो? ज्याला टाकायचं त्याचा हात आपल्या मनगटावर किंवा खांद्यावर नीट बसला का, याची तो वाट पाहतो. तो हात बसल्याशिवाय फेक होत नाही. समोरच्याची मान त्याच्या हातात असते. हे मी तेव्हा कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा मी कोण जिंकतंय ते पाहत होते.

लोकांची फसवणूक होती का? तेव्हा होती. खरी म्हणून दाखवत होते आणि माझ्या शेजारची म्हातारी बाई खरी समजून रडत होती. आता ती फसवणूक संपली आहे. सगळ्यांना सगळं माहीत आहे. उरलं आहे ते निव्वळ कसब, आणि ते पाहायला आजच्याइतकी चांगली वेळ आधी कधी नव्हती.

प्रश्न : मला दारासिंग ठाऊक आणि नंतर नव्वदच्या दशकात केबलवर पाहिलेली अमेरिकन कुस्ती. मधलं काहीच माहीत नाही. सत्तरच्या दशकातलं पाहायला कुठून सुरुवात करावी?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : इंग्लंडपासून करा. त्याचं कारण नीट सांगते.

अमेरिकेत त्या काळी टीव्हीवरची कुस्ती म्हणजे तिकीट खपवण्याची जाहिरात होती. मोठा पहिलवान येणार, कुणा अनोळख्याला दोन-तीन मिनिटांत लोळवणार, मग माइकसमोर उभा राहून पुढच्या प्रतिस्पर्ध्याला दम भरणार. खरी तोलामोलाची जोड पाहायची तर तिकीट काढून स्टेडियममध्ये जा. इंग्लंडात तसं नव्हतं. आयटीव्ही या तिथल्या वाहिनीवर ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ हा कार्यक्रम १९६५ ते १९८५ चालला, त्यात शनिवारी चार वाजता कुस्ती लागायची ती फुटबॉलचे निकाल सांगायची वेळ होईपर्यंत. गावोगावच्या टाउन हॉलमध्ये चित्रित केलेल्या जोडी, म्हणजे कुस्त्या, बऱ्याचदा पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत दाखवायचे. समालोचन केंट वॉल्टनचं. तो कधी किंचाळायचा नाही. पकड कुठली, कुठल्या सांध्यावर ताण येतोय, हे शांतपणे सांगायचा. मला इंग्रजी धड येत नव्हतं तेव्हा, तरी कोपर, मनगट, खांदा, घोटा हे शब्द मी त्याच्याकडून शिकले.

नियमही समजून घ्या, म्हणजे मजा दुप्पट होईल. हे नियम १९४० च्या दशकाच्या शेवटी लॉर्ड माउंटेव्हान्स यांच्या नावाने ठरले. कुस्ती मुष्टियुद्धासारखी फेऱ्यांत चालायची. दोन्ही खांदे टेकवून तीन मोजले की एक पाडाव. दोन पाडाव किंवा दोनदा ‘सोड’ म्हणवून घेतलं की जिंकला. नाहीतर दहा आकडे मोजेपर्यंत समोरचा उठला नाही तरी जिंकला. खाली पडलेल्या माणसावर हात टाकायचा नाही. आगळीक केली की पंच जाहीर ताकीद द्यायचा, तिसऱ्या वेळी बाद. आपल्या मातीत एकदा चीतपट झालं की संपलं. इथे एक पाडाव खाऊनही माणूस परत उभा राहतो, आणि पुढच्या फेरीत तो काय वेगळं करतो ते पाहण्यात खरी गंमत आहे.

आता माणसं. सगळ्यात आधी जॉनी सेंट. हलक्या वजनाचा, किडकिडीतच म्हणा. समोरच्याने त्याचं मनगट पिळून हात पाठीमागे नेला की आपल्याला वाटतं, संपलं. जॉनी सेंट काय करतो, तर पिळाच्याच दिशेने पुढे कोलांटी घेतो. कोलांटीबरोबर पीळ आपोआप उलगडतो, तो पायांवर उभा राहतो तेव्हा मनगट अजून समोरच्याच्याच हातात असतं, पण आता पीळ त्याच्या हाताला बसलेला असतो. मी हा एवढासा तुकडा एका दुपारी अकरा वेळा पाहिला. सुनेने विचारलं, आई, फोन अडकला का? दुसरी त्याची युक्ती म्हणजे अंगाचं मुटकुळं करून चटईवर नुसतं बसून राहणं. समोरचा बिचारा भोवती फिरत राहतो, कुठून धरू कळत नाही. हात घालायला गेला की फसला.

त्याच्यासमोर जिम ब्रेक्स असेल तर उत्तम. ब्रॅडफर्डचा हा माणूस रिंगमध्ये लहान पोरासारखा रुसायचा, पंचाकडे तक्रारी करायचा, लोक चिडायचे. पण हाताची त्याची जी खास पकड होती ती पाहा. रुसवा विसराल. मग मिक मॅकमॅनस. बुटका, काळ्याभोर केसांचा, आणि कानाला हात लावला की कळवळणारा. पंचाची पाठ फिरली की हा काय करतो ते पाहायला आमच्या घरमालकीणबाई खुर्चीच्या टोकावर बसायच्या. केंडो नागासाकी हा मुखवट्याचा. डिसेंबर १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये त्याने समारंभपूर्वक स्वतःच मुखवटा काढला. टीव्हीवर ते पाहताना आमच्या खोलीत कोणी बोललं नव्हतं, एवढं आठवतं.

बिग डॅडीचे व्हिडिओ तुम्हाला सगळ्यात आधी सापडतील, कारण सगळ्यात प्रसिद्ध तोच. प्रचंड पोट, पोरांचा लाडका. खरं नाव शर्ली क्रॅबट्री. माझं मत विचाराल तर तो शेवटी पाहा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सगळा कार्यक्रम त्याच्याभोवती फिरायला लागला, त्याचा सख्खा भाऊच कुस्त्या ठरवायचा, आणि मग पोटाचा एक धक्का दिला की कुस्ती संपली. ज्यांना खरोखर येत होतं ती माणसं बाजूला पडली. १९८८ साली आयटीव्हीने कुस्ती बंदच केली. त्याची बीजं तिथे पडली असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतलं पाहायचंच तर ब्रुनो सॅमार्टिनो. इटलीतून आलेला, युद्धात लहानपणी आईबरोबर डोंगरात लपून राहिलेला. १९६३ ते १९७१ सलग किताब त्याच्याकडे, मग १९७३ ते १९७७ पुन्हा. एप्रिल १९७६ मध्ये स्टॅन हॅन्सनबरोबर लढताना एक फेक चुकली आणि ब्रुनोची मान मोडली. ठरलेल्या कुस्तीत. दोन महिन्यांनी तो त्याच हॅन्सनसमोर न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उभा राहिला. पहिल्या प्रश्नातल्या नातवाला हेही सांगता येईल.

शोधताना मल्लाचं नाव आणि साल इंग्रजीत लिहा. दोन-तीन मिनिटांचे तुकडे पाहू नका. पूर्ण जोड पाहा, फेऱ्यांमधल्या विश्रांतीसकट. त्या अर्ध्या-एक मिनिटात हात झटकणारा माणूस बरंच सांगतो.

प्रश्न : दारासिंगच्या त्या काळच्या कुस्त्या टीव्हीवर दाखवत नसत का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला मुंबईत हरवलं ते १९६८ साली. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे त्याची ऐन भरातली वर्षं लोकांनी मैदानात बसून पाहिली. ज्यांनी पाहिली त्यांनाच विचारा, आणि लवकर विचारा.

प्रश्न : बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाने उचललेला दगड आहे. लहानपणी वडील दर वेळी तो दाखवायचे. त्याचा तुमच्या या टीव्हीच्या कुस्तीशी काही संबंध लागतो का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. संबंध लागतो, आणि चांगला जवळचा लागतो.

दगडाबद्दल आधी. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने हा १२०० किलोचा दगड उचलला, अशी नोंद तिथे आहे. उंची जेमतेम मांडीपर्यंत, पण एवढा रुंद की दोन्ही हातांनी कवळता येणार नाही. आम्हालाही वडील दर दिवाळीत न्यायचे आणि दगडाला हात लावू द्यायचे नाहीत. नमस्कार करायला लावायचे.

हाच गामा १९१० साली लंडनला गेला. तिथे पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर आला. झिबिस्को खाली गेला आणि पोटावर पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ. गामा त्याला उलथवू शकला नाही आणि तो उठला नाही. पुढच्या कुस्तीला झिबिस्को आलाच नाही, आणि किताब गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

आता सत्तरच्या दशकात या. २६ जून १९७६, तोक्यो. मुहम्मद अली आणि जपानचा कुस्तीगीर अंतोनियो इनोकी. पंधरा फेऱ्या. ही लढत ठरलेली नव्हती. आणि झालं काय? इनोकी जवळजवळ पूर्ण वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांना लाथा मारत राहिला. अली वरून ‘ऊठ, ऊठ’ म्हणत राहिला. बरोबरी. पाहणारे वैतागले. अलीच्या पायांची मात्र दैना झाली, इस्पितळात जावं लागलं. झिबिस्को पोटावर, इनोकी पाठीवर, मध्ये सहासष्ट वर्षं. जिथे हरणं खरोखर जिवावर येतं तिथे माणूस जमिनीला चिकटतो. मला ही लढत पाहताना कंटाळा आला नाही, पण एरवीच्या ठरलेल्या कुस्तीत दोघे जण प्रेक्षकांसाठी किती काय उधळत असतात, ते तिच्यामुळे कळलं.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला इनोकी कराचीला गेला. समोर पाकिस्तानचा अक्रम पहिलवान. अक्रम म्हणजे भोलू पहिलवानाचा भाऊ, इमामबक्षचा मुलगा. आणि इमामबक्ष म्हणजे गामाचा सख्खा भाऊ. कमाटीबागेतला दगड उचलणाऱ्याचा पुतण्या! ही कुस्ती सुरू झाली आणि लगेच कळतं की इथे कोणी कोणाला सांभाळून घेत नाहीये. हात बसायची वाट कोणी पाहत नाही. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात दुहेरी कोंडीत धरून मागे नेला, खांदा गेला, अक्रमला पुढे लढता आलं नाही. व्हिडिओ धूसर आहे. मी एकदाच पाहिला, पुन्हा लावला नाही. १९७९ च्या जूनमध्ये लाहोरला अक्रमचा तरुण पुतण्या झारा इनोकीसमोर उतरला. पाच फेऱ्या निभावल्या, आणि शेवटी इनोकीने स्वतःच झाराचा हात धरून वर केला. तो व्हिडिओ मी पुष्कळदा पाहते.

पुढच्या वेळी म्युझियममध्ये गेलात तर मुलांना दगडाबरोबर झाराचंही सांगा.

प्रश्न : माझी नऊ आणि अकरा वर्षांची मुलं ह्या कुस्त्या माझ्याबरोबर पाहतात. पाहू द्याव्या का?
— एक आई, अलकापुरी

उत्तर : पाहू द्या. करून पाहू देऊ नका. माझ्या धाकट्या दिराच्या मुलाने लेस्टरला पलंगावरून उडी मारून भावाला ‘पाडलं’, हासळीचं हाड मोडलं, दीड महिना झोळीत हात. आमच्या वडिलांच्या तालमीत पोराला पहिले काही महिने डाव शिकवतच नसत, पडायला शिकवत. हनुवटी छातीला, हात मोकळा, पाठ गोल. टीव्हीवरच्या लोकांनीही आधी तेच वर्षानुवर्षं केलेलं असतं, हे मुलांना कुस्ती लावण्याआधी सांगा.

आणखी एक. खलनायक बऱ्याचदा परदेशी वेषातला असतो. अमेरिकेत अरबी, जपानी, रशियन. जपानमध्ये तर खलनायक आपला पंजाबी टायगर जीत सिंग, फेटा बांधून तलवार परजत येणारा. मुलं विचारतील, हा वाईट का? तेव्हा उत्तर टाळू नका. लेस्टरला रस्त्यावर आमच्याकडे कसं पाहायचे ते मला आठवतं, आणि ही एक गोष्ट त्या कुस्तीत मला तेव्हाही बोचायची, आजही बोचते.

प्रश्न : वडील ऐंशीचे आहेत. तरुणपणी मातीतले पहिलवान. आता गुडघे गेले, घराबाहेर पडत नाहीत, दिवसभर भिंतीकडे पाहत बसतात. त्यांना हे दाखवावं असं मनात येतं, पण ‘नुरा कुस्ती मला दाखवतोस?’ म्हणून भडकतील अशी भीती वाटते.
— एक मुलगा, वाडी

उत्तर : भडकतील. भडकू द्या. त्यांना विचारू नका आणि समजावूही नका. त्यांच्या खुर्चीशेजारी बसून तुम्ही पाहायला लागा. हलक्या वजनाची जोड लावा, बिग डॅडी नको.

माझे वडील १९७८ च्या जुलैमध्ये आमच्याकडे लेस्टरला आले होते. शनिवार होता. आमचा टीव्ही भाड्याचा, मागे पैसे टाकायची पेटी. सात कोनांचं पन्नास पेन्सचं नाणं टाकलं की ठरावीक तास चालायचा आणि नाणं संपलं की मध्येच बंद. पहिली जोड दोन अगडबंब माणसांची होती. वडिलांनी दोन मिनिटं पाहिलं, म्हणाले, “वस्ताद असते तर दोघांना आखाडा झाडायला लावला असता,” आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. इंग्रजी वर्तमानपत्र. त्यांना वाचता येत नव्हतं.

दुसरी जोड लहान चणीच्या दोघांची. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. आतून वडिलांचा आवाज आला, “टांग लागली.” मग थोड्या वेळाने, “धोबीपछाड. बरी मारली.” मी दारात आले तर वर्तमानपत्र मांडीवर, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी हवेत कुणाचं तरी मनगट धरून. वरच्या माणसाने पकड बदलली की वडिलांची बोटं आधी बदलायची. “कोपर खाली घे,” ते टीव्हीला म्हणाले, मराठीत. “खाली घे, सुटशील.” त्याने कोपर खाली घेतलं आणि सुटला.

त्याच क्षणी पडदा काळा झाला. नाणं संपलं होतं.

मी पर्स आणायला वळले तोवर वडील उठले होते. सदऱ्याच्या खिशातून यांनी दिलेली चिल्लर काढून सात कोनांचं नाणं बोटाने चाचपडत होते. स्वतः मागे जाऊन पेटीत टाकलं. चित्र परत येईपर्यंत उभेच राहिले. शेवटची फेरी चालली होती, एक पाडाव याचा, एक त्याचा. घंटा झाली. पंचाने दोघांचे हात वर केले.

“बरोबरीत सोडवली,” वडील म्हणाले आणि खाली बसले. “पुढच्या शनिवारीही असते का?”